सिनात्राची स्टँडर्ड गाणी कशी ऐकावीत?

प्रश्नकर्त्यांनी लिहिले आहे की ते लहानपणापासून ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत आले आहेत. गेल्या काही महिन्यांत अमेरिकी गायक फ्रँक सिनात्राची जुनी गाणी त्यांच्या कानावर पडली आणि आवडलीही. पण एकाच गाण्याची अनेक ध्वनिमुद्रणे सापडतात, त्यांतला फरक नेमका कशात आहे ते कळत नाही आणि दाद कुठे द्यावी हेही उमगत नाही. त्यात जॅझ ऐकणाऱ्या एका मित्राने त्यांना सांगितले की हे मुळात जॅझच नव्हे, ही तर लोकप्रिय गाणी. तेव्हा सुरुवात कुठून करावी, असा त्यांचा प्रश्न आहे. मी मुंबईत बरीच वर्षे गायकांना पियानोवर साथ करतो आणि हीच गाणी विद्यार्थ्यांना शिकवतो. त्या अनुभवातून जे सांगता येईल ते सविस्तर सांगतो.

तुमची अडचण कोणते ध्वनिमुद्रण आधी ऐकावे ही नसावी, असे मला वाटते. ख्याल ऐकताना कलाकार बंदिशीत काय भर घालतो याकडे आपला कान लागलेला असतो: आलाप कसा वाढवला, बोल कसे उलगडले, तान कुठून उचलली आणि समेवर कशी आणून सोडली. ती अपेक्षा घेऊन सिनात्रा ऐकला, तर तीन-साडेतीन मिनिटे संपतात आणि त्याने काहीच केले नाही असे वाटते, कारण तो सुरांची भर फारच थोडी घालतो. त्याचे काम बहुतेक वेळा एवढेच असते की एखादा शब्द लिहिलेल्या मात्रेवर न ठेवता किंचित पुढे किंवा मागे ठेवायचा, एखादी ओळ मध्ये श्वास न घेता पुढच्या ओळीला जोडायची, आणि कुठे आवाज राखून ठेवायचा ते ठरवायचे. हा बदल ऐकू यायचा असेल तर बदलण्यापूर्वीची मूळ चाल कानात पक्की असावी लागते. म्हणून माझा सल्ला असा की आधी गाणे ओळखीचे करून घ्या आणि मग गायकाकडे वळा. पुढचे सगळे विवेचन याच एका गोष्टीचे आहे.

मात्र काही बाबी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. इंग्रजी गीतातले शब्द कानावर पडताक्षणी समजत असतील तर वाट सोपी होते. तसे नसेल तर गीताचे शब्द समोर ठेवून दोन-तीनदा मोठ्याने वाचावे लागतील, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तुम्ही हातावर ताल धरत असाल तर लयीचा भाग लवकर पकडीत येईल. ज्यांनी कधी पेटी किंवा गिटार हाताळली आहे, त्यांना कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गट, लवकर उमगतात; ज्यांचा कान केवळ एकाच स्वररेषेचा माग घेण्यात मुरला आहे, त्यांना त्यासाठी वेळ द्यावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या शास्त्रीय पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांमध्ये हा दुसरा प्रकार अधिक आढळतो, म्हणून खाली कॉर्डविषयी थोडे विस्ताराने लिहिले आहे.

स्टँडर्ड म्हणजे जी गाणी सर्व वादक-गायकांच्या सामायिक भांडारात जाऊन बसली आहेत ती. त्यांतली बहुसंख्य साधारण 1920 ते 1950 या काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीसाठी आणि पुढे हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी लिहिली गेली. जेरोम कर्न, अर्व्हिंग बर्लिन, जॉर्ज गर्श्विन, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स, हॅरल्ड आर्लेन हे त्या रचनाकारांतले अग्रणी. ड्यूक एलिंग्टन किंवा थेलोनियस मंक यांच्यासारख्या जॅझ कलाकारांच्या स्वतःच्या रचनाही याच भांडारात आहेत, पण सिनात्राने गायलेली गाणी मुख्यतः पहिल्या प्रकारातली. तुम्ही नाट्यसंगीत ऐकत आला आहात, तेव्हा हे तुम्हाला चटकन पटेल: नाटकातल्या प्रसंगासाठी बांधलेले पद नाटक बंद पडल्यावरही टिकते, मैफलीत येते आणि तिथे प्रत्येक गायक ते आपल्या अंगाने मांडतो. ब्रॉडवेची कितीतरी नाटके आज कुणी रंगमंचावर आणत नाही. त्यांतले एखादे गाणे मात्र जगभरात रोज वाजते.

या गाण्यांचा एक ठरलेला साचा असतो. सर्वांत रूढ साचा 32 बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक लहान विभाग): आठ बारचा मुखडा, तोच मुखडा पुन्हा, मग आठ बारचा वेगळ्या चालीचा भाग ज्याला ब्रिज म्हणतात, आणि शेवटी परत मुखडा. बारमध्ये चार मात्रा धरल्या तर हे 128 मात्रांचे एक मोठे आवर्तन झाले, आणि त्याला कोरस म्हणतात. गाणे एकदा गाऊन झाले की हेच आवर्तन पुन्हा सुरू होते; एखादा वादक सोलो घेतो तेव्हाही खाली तेच कॉर्ड त्याच क्रमाने फिरत असतात. ऐकताना आपण आवर्तनात कुठे आहोत हे ठाऊक असणे, विशेषतः ब्रिज कधी आला हे ओळखता येणे, ही पहिली पायरी. पुष्कळ गाण्यांना कोरसच्या आधी एक प्रस्तावनेसारखा भाग असतो, त्याला व्हर्स म्हणतात. नाटकात संवादातून गाण्यात शिरण्यासाठी त्याचा उपयोग होई. पुढे बहुतेक गायकांनी तो गाळला. हे लक्षात ठेवा, कारण खाली त्याचा संबंध येणार आहे.

आता प्रत्यक्ष एक गाणे घेऊ. मी विद्यार्थ्यांना बहुधा कोल पोर्टरचे 'नाइट अँड डे' देतो. हे 1932 मधल्या 'गे डिव्होर्स' या संगीत नाटकातले गाणे, नट आणि नर्तक फ्रेड अस्टेअरने रंगमंचावर गायलेले. त्याच वर्षी त्याने लिओ राइसमन यांच्या वाद्यवृंदाबरोबर ते ध्वनिमुद्रितही केले. साचा नेहमीचा नाही. कोरस 32 ऐवजी 48 बारचा, म्हणजे 192 मात्रांचा आहे. व्हर्समध्ये पोर्टरने ढोलाचे ठोके, घड्याळाची टिकटिक आणि पावसाचे थेंब यांची वर्णने एका मागून एक ठेवली आहेत आणि ती बराच वेळ एकाच स्वरावर म्हणायला लावली आहेत. तो स्वर पंचम आहे. कोरस सुरू होतो तेव्हा शीर्षकाचे तीन शब्दही त्याच पंचमावर आहेत.

एकाच स्वरावर तीन शब्द, यात चाल ती कुठली, असा प्रश्न ख्याल ऐकणाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे. उत्तर पियानोवर आहे. पेटी जवळ असेल तर उजव्या हाताने पंचम धरून ठेवा आणि डाव्या हाताने खर्जातला कोमल धैवत, मग पंचम, मग षड्ज असे क्रमाने धरा. पोर्टरने लिहिलेला पहिला कॉर्ड कोमल धैवतावर उभा आहे, आणि त्याच्या संदर्भात आपला पंचम निषादासारखा ताणलेला, कुठेतरी जाऊ पाहणारा वाटतो. दुसऱ्या कॉर्डात तो स्वतःच्याच पायावर उभा राहतो. तिसऱ्यात षड्ज आला की तो खरा पंचम होतो आणि ताण सुटतो. गायकाने स्वर हलवलेला नाही. त्याच्या पायाखालची जमीन हलली आहे. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज अचल असतो आणि स्वर त्याच्याभोवती फिरतात. इथे अनेकदा उलट घडते. तुमचा कान ज्या दिवशी हे पकडेल त्या दिवशी या संगीताचा अर्धा दरवाजा उघडला असे समजा. (काही पियानोवादक पहिला कॉर्ड बदलून ऋषभावर उभा केलेला घेतात. मला स्वतःला पोर्टरचा मूळचाच अधिक आवडतो, कारण त्यातला ताण अधिक उघडा आहे.)

त्यानंतरच्या आठ बारमध्ये खालचे कॉर्ड तीव्र मध्यमापासून शुद्ध मध्यम, शुद्ध गंधार, कोमल गंधार आणि ऋषभ असे अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरत जातात, आणि ब्रिजमध्ये सगळे गाणे काही क्षण कोमल गंधारालाच षड्ज मानून वर उचलले जाते. गायक नेमका कोणता शब्द तिथे पोहोचवतो ते ऐका. ओढ सांगणाऱ्या गीतात ती उचल फार परिणामकारक आहे.

मूळ चाल पक्की करण्यासाठी अस्टेअरचे 1932 चे ध्वनिमुद्रण ऐकावे, आणि त्याच्या जोडीला जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड हिने 1956 साली केलेल्या कोल पोर्टर साँग बुकमधले. नॉर्मन ग्रँझ या निर्मात्याने एलाकडून एकेका रचनाकाराची गाणी स्वतंत्र संचांत (अल्बमांत) गाऊन घेतली. पोर्टरपासून सुरू झालेली ती मालिका 1964 मध्ये जॉनी मर्सरपर्यंत चालली. एलाचा कल्पक तानविस्तार इतरत्र ऐकायला मिळतो. या संचांत ती चालीशी प्रामाणिक राहते आणि पुष्कळ ठिकाणी व्हर्सही गाते. गाणे शिकू पाहणाऱ्याला याहून भरवशाचा आधार माझ्या माहितीत नाही. ही दोन ध्वनिमुद्रणे ऐकून चाल गुणगुणता येऊ लागली की मगच सिनात्राकडे या.

सिनात्राने हे गाणे आयुष्यभर पुन्हा पुन्हा गायले, म्हणून ते या कामासाठी सोयीचे आहे. पहिले ध्वनिमुद्रण जानेवारी 1942 चे. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा, टॉमी डॉर्सीच्या बँडमधला गायक होता, आणि अॅक्सेल स्टॉर्डाल या अरेंजरबरोबर (गाण्यासाठी वाद्यवृंदाची मांडणी, म्हणजे अरेंजमेंट, लिहिणारा तो अरेंजर) स्वतःच्या नावावर त्याने जी पहिली चार गाणी गायली त्यांत हे होते. लय संथ आहे, आवाज कोवळा आणि हलका आहे, ओळी लांब आणि अखंड आहेत. दुसरे नोव्हेंबर 1956 चे, नेल्सन रिडल याच्या अरेंजमेंटमध्ये, 1957 च्या 'ए स्विंगिन अफेअर' या संचातले. इथे लय चालती आहे, पितळी वाद्ये खणखणतात, आणि चाळिशीतला सिनात्रा शब्दांना धक्के देत, त्यांच्याशी खेळत गातो. तिसरे नोव्हेंबर 1961 चे, डॉन कोस्टाच्या 'सिनात्रा अँड स्ट्रिंग्ज'मधले: पुन्हा संथ, भरघोस तंतुवाद्यांवर, आणि यात व्हर्स आहे. चौथे 1962 च्या पॅरिसच्या मैफलीतले, जिथे अॅल व्हायोलाची एकटी गिटार त्याला साथ करते. हे पुष्कळ वर्षांनी, 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. अनुभवी गायकाला आधार काढून घेतल्यावर काय उरते हे पाहायचे असेल तर हेच ऐका. मी साथीदार आहे म्हणून असेल, पण या चारांत मला हेच सर्वांत जवळचे आहे.

ही चारही ध्वनिमुद्रणे एका बैठकीत ऐकू नका. एका वेळी एकच घ्या आणि पहिल्यांदा नुसते ऐका. दुसऱ्यांदा हातावर मात्रा धरा आणि प्रत्येक ओळीचा पहिला शब्द मात्रेवर पडतो, आधी येतो की उशिरा येतो एवढेच पाहा. 1956 च्या ध्वनिमुद्रणात हे विशेष स्पष्ट होते, कारण खाली ड्रम आणि बासची लय घट्ट आहे. गायक मात्र तिला चिकटून राहत नाही. तो ओळ उशिरा उचलतो, मग मधले शब्द बोलल्यासारखे जवळजवळ आणतो आणि जिथे पोहोचायचे तिथे वेळेवर पोहोचतो. याला जॅझवाले बीटच्या मागे गाणे म्हणतात. माझ्याकडे नवशिके गायक सिनात्राची नक्कल करत येतात तेव्हा त्यांना उशिरा येणे जमते, पण वेळेवर पोहोचणे जमत नाही, आणि चार ओळींनंतर गाणे लयीतून सुटते. त्यांना मी आधी सगळे गाणे काटेकोर मात्रेवर गायला लावतो. मोकळीक घ्यायची तर आपण कशापासून मोकळे होत आहोत ते ठाऊक असावे लागते, आणि हीच गोष्ट ऐकणाऱ्यालाही लागू आहे.

तिसऱ्यांदा ऐकताना श्वासाकडे लक्ष द्या. सिनात्रा दम कसा राखावा हे टॉमी डॉर्सीच्या ट्रॉम्बोनवादनावरून शिकला, असे तो स्वतः सांगत असे. डॉर्सी लांबलचक वाक्ये कुठेही न तोडता वाजवी. त्याचा परिणाम असा की इतर गायक ओळ जिथे संपते तिथे श्वास घेत, तर सिनात्रा अर्थ जिथे संपतो तिथे घेई. दोन ओळींत पसरलेले एक वाक्य तो एका दमात म्हणे आणि ऐकणाऱ्याला वाटे की हा माणूस गात नसून सांगतो आहे. त्यासाठी गाण्यापूर्वी तो गीताचे शब्द निव्वळ कविता म्हणून वाचत असे. मी हा धडा प्रत्येक विद्यार्थ्याला देतो: पियानो बंद, आधी शब्द बोलून दाखवा, समोरच्याला पटतील असे. जे बोलता येत नाही ते गाऊनही पटत नाही.

मायक्रोफोनचाही इथे मोठा वाटा आहे. 1925 च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर गायकाला मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज उरली नाही. कानाशी बोलल्यासारखे गाता येऊ लागले. बिंग क्रॉस्बीने ती वाट दाखवली आणि सिनात्राने माइकला वाद्यासारखेच हाताळले. जवळ येणे, दूर जाणे, ओठ मिटून उच्चारायची अक्षरे माइकवर आदळू न देणे, शब्दाच्या शेवटच्या 'न' किंवा 'म' यांवर सूर टिकवून ठेवणे या सगळ्या गोष्टी चांगल्या हेडफोनवर अगदी स्वच्छ ऐकू येतात. मोबाइलच्या स्पीकरवर यातले फारच थोडे पोहोचते.

आता अरेंजमेंटविषयी. सिनात्राचे मोठेपण एकट्याचे नाही, आणि ज्यांना त्याची गाणी एकसारखी वाटतात त्यांनी बहुधा मागच्या वाद्यवृंदाकडे लक्ष दिलेले नसते. 1953 मध्ये तो कॅपिटल या कंपनीत आला आणि नेल्सन रिडलबरोबर काम करू लागला. त्यानंतरची सहा-सात वर्षे हा माझ्या मते त्याच्या गायकीचा सर्वोच्च काळ. रिडलचे कौशल्य पाहायचे तर जानेवारी 1956 मध्ये मुद्रित झालेले, 'साँग्ज फॉर स्विंगिन लव्हर्स'मधले 'आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन' घ्या. हेही पोर्टरचेच, 1936 च्या 'बॉर्न टू डान्स' या चित्रपटातले. सुरुवात इतकी सैल आणि शांत आहे की पुढे काय होणार याचा अंदाजही येत नाही. सिनात्रा गाणे एकदा पूर्ण म्हणतो, आवाज राखून. मग तो थांबतो, वाद्यवृंद एक लहानशी आकृती पुन्हा पुन्हा वाजवत एकेक थर चढवत जातो, आणि त्या चढावाच्या टोकावर मिल्ट बर्नहार्टचा ट्रॉम्बोन सोलो फुटतो.

त्या सोलोनंतर जे होते ते नीट ऐका. सिनात्रा परत येतो तो मुखड्यावर येत नाही. गाण्याच्या मधल्या, सर्वस्व पणाला लावण्याची भाषा करणाऱ्या भागावर येतो. हाच भाग पहिल्या वेळी त्याने किती सौम्यपणे म्हटला होता ते आठवा. आता तेच शब्द तो ठासून, ठोक्यांसारखे टाकतो, कारण वाद्यवृंदाने जो जोर उभा केला आहे त्याच्यावरच त्याला स्वार व्हायचे आहे. आणि मग शेवटी सगळे पुन्हा उतरते. गाणे सुरुवातीइतकेच हलकेच संपते. तीन-साडेतीन मिनिटांत बढत, कळस आणि उतार असे सगळे बसवले आहे. तुम्ही दाद कुठे द्यावी असे विचारले होते. मी तरी सोलोनंतरच्या त्या पुनःप्रवेशाला देतो. याच संचात गायकाच्या दोन ओळींमधल्या फटींत एक झाकलेल्या आवाजाचा ट्रंपेट अधूनमधून दोन-चार स्वर बोलून जातो. तो हॅरी 'स्वीट्स' एडिसन, काउंट बेसीच्या बँडमधला जुना वादक. त्या फटी मोकळ्या ठेवणे हे रिडलचे काम आणि त्या न भरता नुसत्या स्पर्शून जाणे हे एडिसनचे. साथ कशी असावी हे मी अशा जागांवरून शिकलो आहे.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर क्रम असा: मूळ चाल, मग कॉर्ड, मग शब्दांची जागा, मग श्वास, मग वाद्यवृंद. एका ऐकण्यात एकाच गोष्टीचा माग घ्या.

तुमच्या मित्राचा आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे. जॅझ म्हणजे उत्स्फूर्त रचना असे म्हटले तर सिनात्राची बहुतेक ध्वनिमुद्रणे त्या व्याख्येत बसत नाहीत. वाद्यवृंदाचे जवळजवळ सगळे कागदावर लिहिलेले आहे. एला फिट्झजेराल्डने 1960 च्या बर्लिनच्या मैफलीत 'हाउ हाय द मून' घेऊन निव्वळ निरर्थक अक्षरांवर जो विस्तार केला आहे, तसे सिनात्राने केले नाही आणि ते त्याचे क्षेत्रही नव्हते. परंतु लयीशी असलेले त्याचे नाते जॅझचेच आहे, आणि ते त्याने कुठून घेतले हेही त्याने लपवले नाही: आपल्यावर सर्वांत मोठा प्रभाव जॅझ गायिका बिली हॉलिडेचा आहे असे त्याने जाहीरपणे सांगितले होते. उलट दिशेने, जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने आपण वाक्य कसे मांडावे हे ज्यांच्याकडून शिकलो त्यांत सिनात्राचे नाव घेतले आहे. ज्या गायकाकडून माइल्स डेव्हिस शिकतो त्याला जॅझच्या दाराबाहेर उभे करण्यात मला अर्थ दिसत नाही. नावापेक्षा अपेक्षा महत्त्वाची: सिनात्राकडे तानेची अपेक्षा करू नका आणि कोलमन हॉकिन्सकडे शब्दांची करू नका.

हॉकिन्सचे नाव मुद्दाम घेतले. त्याने ऑक्टोबर 1939 मध्ये टेनर सॅक्सोफोनवर 'बॉडी अँड सोल' वाजवले. मूळ चाल तो पहिल्या काही बारनंतरच सोडून देतो आणि उरलेला सगळा वेळ केवळ कॉर्डच्या आधाराने नवी चाल रचत जातो. ज्याला मूळ गाणे ठाऊक नाही त्याला हे भटकणे वाटते. ज्याला ठाऊक आहे त्याला प्रत्येक वळणावर गाणे खालून वाहताना ऐकू येते. मित्राच्या आवडीच्या जॅझपर्यंत तुम्हाला पोहोचायचे असेल तर गायकांच्या ध्वनिमुद्रणांतून गाणी ओळखीची करून घेणे हाच सर्वांत जवळचा रस्ता आहे, आणि त्यासाठी सिनात्रा, एला आणि बिली हॉलिडे या तिघांइतके उपयोगी दुसरे कुणी नाही.

हे संगीत आपल्याला वाटते तितके परके नाही, हेही नमूद करतो. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी आणि टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे अमेरिकी कृष्णवर्णीय कलाकार बँड घेऊन वाजवत होते, आणि गोव्याचे वादक त्यांच्याकडून ही शैली उचलत होते. त्यांतला ट्रंपेटवादक चिक चॉकलेट पुढे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला; 1951 च्या 'अलबेला'तल्या गाण्यांतला स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, तिथून आला आहे. तुम्ही ती गाणी नक्कीच ऐकली असतील. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यावीशी वाटणे हे तुमच्या कानाला आधीपासून माहीत आहे.

अलीकडच्या लोकप्रिय गायकांनीही हे भांडार उघडले आहे. लिंडा रॉनस्टॅटने 1983 मध्ये साक्षात नेल्सन रिडलला बोलावून 'व्हॉट्स न्यू' केले. विली नेल्सनने 1978 मध्ये 'स्टारडस्ट'. टोनी बेनेटने 2014 मध्ये लेडी गागाबरोबर 'चीक टू चीक'. यांतला विली नेल्सन मला विशेष वाटतो, कारण तो सिनात्राच्या आसपासही जात नाही आणि तरीही उशिरा येऊन वेळेवर पोहोचतो. पण सुरुवात यांच्यापासून करावी असे मी म्हणणार नाही.

शेवटी ध्वनिमुद्रणे शोधण्याविषयी, कारण इथे गोंधळ फार होतो. सिनात्राने 1960 मध्ये रिप्राइज ही स्वतःची कंपनी काढल्यावर कॅपिटलच्या काळातली बरीच गाणी पुन्हा गायली. 'अंडर माय स्किन'चे 1963 चे पुनर्मुद्रण जवळजवळ त्याच अरेंजमेंटमध्ये आहे, आणि निवडक गाण्यांच्या संग्रहांत पुष्कळदा तेच घातलेले असते. वाईट नाही, पण 1956 ची धार त्याला नाही. 1966 च्या 'सिनात्रा अॅट द सँड्स' या मैफलीत काउंट बेसीच्या बँडबरोबर तेच गाणे पुन्हा आहे, आणि ते मात्र अवश्य ऐकावे. म्हणून गाण्याच्या नावाने शोधण्याऐवजी मूळ संचाच्या नावाने आणि सालाने शोधा. कॅपिटलने साठच्या दशकात जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांना कृत्रिम स्टिरिओ करून विकले होते. जुनी तबकडी विकत घेत असाल तर 1957 पूर्वीच्या संचांसाठी मोनोच घ्या.

'नाइट अँड डे' आणि 'अंडर माय स्किन' या दोन्ही गाण्यांचा कोरस मनातल्या मनात चालवता येऊ लागला की संथ गाण्यांकडे वळा. 1955 चा 'इन द वी स्मॉल अवर्स' आणि 1958 चा 'ओन्ली द लोनली' हे दोन्ही संच रिडलचेच आहेत आणि सलग ऐकण्यासाठीच रचलेले आहेत. दुसऱ्यातले शेवटचे 'वन फॉर माय बेबी' राखून ठेवा. त्यात पियानो बिल मिलरचा आहे. गायक रात्री उशिरा बारटेंडरशी बोलतो आहे असे ते गीत आहे, आणि मिलर त्याच्याकडे लक्ष नसल्यासारखा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून वाजवत राहतो. ते जमले की 'सिनात्रा अँड स्ट्रिंग्ज'मधले 'स्टारडस्ट' ऐका: होगी कारमायकलचे हे जगप्रसिद्ध गाणे, पण सिनात्रा त्याचा केवळ व्हर्स गातो आणि कोरस सुरू होण्याच्या जागी थांबतो. मूळ गाणे आधी दुसऱ्या कुणाकडून ऐकले नसेल, तर त्याने काय केले आहे ते कळणारच नाही. म्हणून त्याच्या आधी नॅट किंग कोलचे 'स्टारडस्ट' ऐकून घ्या.